सावळीरामची बंद गाडी

गाडीखाली शिरण्याआधी रावजीनं तिथं झोपलेलं कुत्रं हाकललं. ते काही केल्या उठेना. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीचा गारठा होता, सिडकोतल्या मोकळ्या प्लॉटांवरची माती दवानं ओली झाली होती. गल्लीतली बाकीची कुत्री कुणीतरी पेटवून सोडलेल्या शेकोटीच्या राखेत घुसली होती आणि हे एकटंच पिकअपच्या इंजिनाखाली वेटोळं करून पडलं होतं.

"ऊठ रे, मालक," रावजी म्हणाला. त्याच्या जागी गोणपाट पसरून तो पाठीवर आडवा झाला. कुत्र्याला जे कळलं होतं ते कळायला रावजीला अजून थोडा वेळ लागायचा होता.

उशाशी त्यानं हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि स्वतः बनवलेलं एक हत्यार ठेवलं. पाइपच्या तुकड्याला सायकलची जुनी चेन वेल्ड केलेली. ती चेन ऑइल फिल्टरच्या डब्याभोवती आवळायची आणि पाइपला हिसका द्यायचा. डबा न फोडता फिल्टर सुटला पाहिजे, म्हणून एवढा खटाटोप. या गाडीचा फिल्टर नाशकात मिळत नसे, मुंबईहून मागवावा लागे. तोवर जुनाच काढून, डिझेलनं धुऊन तात्पुरता बसवू, असा रावजीचा बेत होता. वेळ त्याच्याकडे भरपूर होता. अंबडच्या कारखान्यात तो फिटर होता आणि कारखान्यातल्या संपाला तिसरा महिना लागला होता.

सावळीराम त्याच्याच गावचा, इगतपुरीच्या खालच्या अंगाचा. दोघे एकाच वर्षी नाशकात आले. रावजी कारखान्यात लागला, सावळीरामनं पुढे ही पिकअप घेतली आणि त्याच कारखान्याचा माल वाहू लागला. संप सुरू झाला त्या दिवशी सावळीराम गेटवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुमचा निकाल लागेपर्यंत मी एक खोकं उचलणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर त्याची गाडीच बंद पडली. ऑइल बदलायला काढलं आणि फिल्टर असा अडकला की हलेना, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून पिकअप घरामागं ताडपत्रीखाली उभी होती.

अलीकडे रात्री मागच्या गेटानं माल बाहेर जातो अशी कुजबुज सुरू झाली होती. माल जात राहिला तर मालक वर्षभरही दम धरू शकतो, हे गेटवरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. परवा गेटवरच्या सभेत कुणीतरी सावळीरामचं नाव घेतलं. रावजी ताडकन उठला होता. "त्याची गाडी बंद हाय. फिल्टर अडकलाय, ऑइल सुदिक नाय तिच्यात. माझा शब्द घ्या," असं तो म्हणाला, आणि रावजीचा शब्द म्हटल्यावर बोलणारा खाली बसला. रावजीनं गाडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सावळीरामचं सांगणं आणि आपलं पाहणं यांत त्याच्या लेखी काही फरक नव्हता.

आपल्या संपापायी मित्र हातावर हात ठेवून बसलाय, ही बोच मात्र होती. "मी येतो, काढून देतो," असं त्यानं दोनदा म्हटलं होतं. सावळीरामनं "तू तुझं आंदोलन बघ" म्हणून टाळलं होतं. रावजीला तो त्याचा मोठेपणा वाटला. म्हणून आज तो न सांगताच आला होता.

मागचं दार उघडलं. सावळीरामची बायको कुसाबाई चुलीतली राख टाकायला बाहेर आली आणि गाडीखालून निघालेले पाय पाहून दचकली.

"भावजी? तुमी हायेत व्हय? इतक्या सकाळी?"

"फिल्टर काढतो, वहिनी. सावळ्या उठला का?"

"झोपलेत ते. रातीपासून अंग मोडून आलंय त्यांचं." ती दोन पावलं पुढं आली. "ऱ्हाऊ द्या ना आज. चहा टाकते, चहा घ्या अन् जावा."

"झोपू द्या त्याला. उठंल तवा गाडी चालू करून देतो का नाय बघा."

"नगा ना भावजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात काकुळती होती. रावजी खालच्या खाली हसला.

"लय संकोच करता बुवा तुमी."

ती आत पळाली. रावजीनं चेन सरळ केली आणि फिल्टर कुठवर येतो ते पाहायला वर हात घातला.

हात लावताच त्यानं तो झटकन मागं घेतला.

फिल्टर गरम होता. रावजीनं इंजिनाच्या पोटाला हात लावला, तेही गरम होतं. अशा गारठ्यात उभ्या गाडीचं लोखंड कसं असतं ते त्याला सांगायला नको होतं. ऑइल काढतात त्या नटाभोवती काळा थेंब जमला होता. म्हणजे आत ऑइल होतं. त्यानं खिशातलं फडकं काढून फिल्टरभोवती गुंडाळलं आणि नुसत्या हातानं पिळून पाहिलं. फिल्टर मुकाट्यानं फिरला. तेल लावून, हातानं, बेतानं आवळलेला फिल्टर होता तो. सावळीराम कामाला चोख होता.

रावजीनं तो पुन्हा होता तसा आवळला आणि पडून राहिला. राग नंतर आला. आधी त्याला लाज वाटली, आपणच कुठं तरी चोरी करताना सापडलो अशी. मग लहानपणी ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्या माणसानं आपल्याला इतकं खुळं समजावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दोन पाय येऊन गाडीशी थांबले. टाचांच्या भेगांवरूनच त्यानं ओळखले.

"कवा आलास?" वरून सावळीरामचा आवाज आला.

"इंजिन गरम हाय, सावळ्या."

"ते व्हय? जरा चालू करून ठिवली व्हती. थंडीनं बॅटरी उतरती."

"ऑइल काढलेली गाडी चालू केलीस?"

पाय जागचे हलले नाहीत. घरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

"मागच्या गेटानं नेतोस ना?" रावजीनं विचारलं.

"मी नाय नेलं तर दुसरा नेतो. सटाण्याचा ट्रक लावणार व्हते ते."

"लावू द्यायचा व्हता. त्याला आडवे पडलो असतो आमी. तुला कोण आडवं पडणार? तुझ्यासाठी मी शब्द टाकला, समद्यांम्होरं."

सावळीराम उकिडवा बसला आणि वाकून गाडीखाली पाहू लागला. रात्रभराच्या जागरणानं डोळे लाल झाले होते. तो खेकसेल असं रावजीला वाटलं होतं, पण त्याचा आवाज खालीच होता.

"पयला महिनाभर पाळला ना शब्द. मंग नाय जमलं. अन् माझ्या एकट्याच्या पोटासाठी नेत व्हतो व्हय रे? तुझ्या घरी पीठ कुठनं येतं?"

पीठ कुसाबाई आणून द्यायची. दर आठवड्याला डबा भरून, कधी वर डाळ, कधी गोडेतेलाची बाटली. गावाहून धान्य आलंय, आम्हाला जास्तीच होतं, असं ती रावजीच्या बायकोला, मालनबाईला, सांगायची. संपात गल्लीतल्या कितीक घरांनी भांडी विकली. रावजीच्या घरावर ती वेळ आली नव्हती, आणि सभेत तो सर्वांत ताठ मानेनं बोलत होता.

त्यानं उशाशी चाचपून हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक फिल्टरच्या पत्र्यावर टेकवलं.

"अरे, काय करतोस? अडकलेला नाय तो!"

"अडकलाय," रावजी म्हणाला. "गेटवर मी तसंच सांगितलंय."

त्यानं घाव घातला. दुसऱ्या घावाला पत्रा फुटला आणि गरम ऑइल त्याच्या मनगटावरून बाहीत उतरलं. चटका बसला तरी त्यानं हात काढला नाही. मग चेन आवळून त्यानं जीव खाऊन उलट्या बाजूला, आवळायच्या बाजूला, पाइप ओढला. डबा चेपला, फाटला आणि वरची चकती इंजिनाला तशीच चिकटून राहिली. आता तिला छिन्नी लावावी लागणार होती आणि नव्या फिल्टरसाठी मुंबईला माणूस धाडावा लागणार होता.

सावळीराम मध्ये पडला नाही. रावजी बाहेर आला तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. दारात कुसाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. रावजीनं हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि घरची वाट धरली.

मालनबाई स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. मुलं खाऊन बाहेर पळाली होती. तिनं त्याच्या बाहीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"रातीचा माल सावळ्याच नेत व्हता," तो म्हणाला.

तिचा हात थांबला नाही. रावजी तिच्याकडे पाहत राहिला. मग तो भिंतीशी खाली बसला.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"अन् मला सांगितलं नाय? मी तिकडं लोकांम्होरं त्याच्यासाठी भांडतोय, अन् तू, घरातलं माणूस, मला सांगत नाय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग त्याच्याकडे वळून पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती गोंधळली होती.

"पिठाचं तुमी कधी एका शब्दानं इचारलं नाय," ती म्हणाली. "अन् परवा सभेत त्यांच्यासाठी उभं ऱ्हायलात म्हणून कळलं, तवा तर माझी खात्रीच झाली. मला वाटलं, तुमाला समदं ठाऊक हाय."

गल्लीतून कुणीतरी हाक मारली. सभेला निघायची वेळ झाली होती. रावजीनं ओ दिली नाही.