इंजिनातली टिणटिण

मिल बंद पडली तेव्हा श्रीपाद साळखात्यात मागांची देखभाल करणारा जॉबर होता. माग बिघडला की तो वाकून कान द्यायचा आणि कुठे काय सैल झालंय ते आवाजावरून सांगायचा. खात्यात त्याचं नाव होतं. पण टाळं लागलेल्या मिलमधलं नाव घेऊन जायचं कुठे? वर्षभर तो अन्नपूर्णेच्या देवळामागच्या गल्लीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून राहिला. शेवटी बायकोचा, सरलेचा, धाकटा भाऊ देवेंद्र त्याला सांवेर रोडवरच्या आपल्या गॅरेजात घेऊन गेला.

"जिजाजी, माग काय अन् मोटार काय, मशीन ती मशीन," देवेंद्र म्हणाला. "तुमच्यासारखा कान माझ्याकडे एकाही मिस्त्रीला नाही."

श्रीपादला ते बोलणं फार गोड लागलं. पन्नाशी उलटल्यावर तो नव्याने शिकायला बसला. प्लग, कार्बुरेटर, टायमिंग, सगळं. हात चांगला होता, त्यामुळे नळ्या वाकवणं, जोड बसवणं ही कामं लवकरच त्याच्याकडे आली.

तेव्हा शहरात नव्या गाड्या धडाधड उतरत होत्या. जमिनीच्या व्यवहारात बाप श्रीमंत झालेली पोरं त्या गाड्या पळवायला रस्ते शोधत फिरायची. त्यातलाच एक निशांत. एके दिवशी त्याने आपली पांढरी एस्टीम गॅरेजात लावली आणि डिकी उघडून दाखवली. आत एक निळी बाटली आडवी ठेवलेली. दुबईहून मामाने पाठवलेली.

"नायट्रस आहे, भिया," तो देवेंद्रला म्हणाला. "फिट करून द्या. पुढच्या महिन्यात विमानांच्या जुन्या धावपट्टीवर रेस आहे."

डॉक्टर भूल द्यायला वापरतात तोच हा वायू. देवेंद्रने श्रीपादला समजावून सांगितलं ते असं: बटण दाबलं की गॅस इंजिनात शिरतो आणि तिथे जास्तीचा प्राणवायू मोकळा होतो. त्याच्या जोडीला पेट्रोलही तेवढंच जास्त द्यावं लागतं, मग गाडी उसळी मारते. पण गॅस भरपूर आणि पेट्रोल कमी असं झालं, की आत आग भलतीकडेच भडकते आणि पिस्टन वितळतो. किती गॅस जाईल नि किती पेट्रोल, ते बारीक भोकाच्या पितळी जेटवर ठरतं.

"वितळायच्या आधी इंजिन सांगतं मात्र," देवेंद्र म्हणाला. "टिणटिण येते. डब्यात खडे हलवल्यासारखी. ती आली की बटण सोडायचं, बस."

श्रीपादने मान डोलावली.

पहिल्या चाचण्या लहान जेटवर झाल्या. बायपासचा एक तुकडा तयार होऊन पडला होता, वाहतूक सुरू व्हायची होती. सकाळी देवेंद्र गाडी चालवायचा आणि श्रीपाद शेजारी बसायचा. डोक्यावर हेल्मेट, समोर पळता रस्ता, त्यामुळे देवेंद्रला इंजिनाकडे कान देता येत नसे. ते काम श्रीपादचं. काही ऐकू आलं तर मांडीवर थाप मारायची, असं ठरलेलं. तो डोळे मिटून ऐकायचा. इंजिनाची घरघर, वाऱ्याचा घोंगावता आवाज, एवढंच. टिणटिण कधी आली नाही. गाडी खोलली की प्लगही स्वच्छ निघायचे. देवेंद्र खूश होता, निशांत मात्र नव्हता.

"अजून मोठा जेट टाका ना, भिया. एवढी तर माझ्या मित्राचीही पळते."

देवेंद्र आधी नाही म्हणाला, पण निशांत रोज येऊन बसायला लागला. पेट्रोलचा पंप एवढं पुरवील की नाही याची देवेंद्रला खात्री नव्हती. तरी त्याने जेट बदलला. श्रीपादकडे वळून म्हणाला, "तुम्ही आहात ना शेजारी. जरा काही वाटलं की थाप मारा."

त्या सकाळी निशांत रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन उभा राहिला. देवेंद्रने दुसऱ्या गिअरला बटण दाबलं तशी श्रीपादची पाठ सीटला चिकटली. तिसरा गिअर. त्याने डोळे घट्ट मिटले आणि सगळं लक्ष बॉनेटकडे लावलं. घरघर, वारा. ठीक आहे, त्याला वाटलं, सगळं ठीक आहे. आणि मग गाडीला एकदम गचका बसला, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि काचेवर तेलाचे थेंब उडाले.

गाडी कडेला थांबली. दोघं उतरले. निशांत पळत आला. तो ओरडत नव्हता, उलट गोंधळून गेला होता.

"भिया, बटण का नाही सोडलं? मला इथे रस्त्यावर उभ्याला टिणटिण ऐकू आली. केवढ्याने येत होती."

देवेंद्रने हेल्मेट काढलं आणि श्रीपादकडे पाहिलं.

"जिजाजी, तुम्हाला नाही आली?"

"नाही," श्रीपाद म्हणाला. "मी ऐकत होतो, देवेंद्र. पूर्ण लक्ष देऊन ऐकत होतो."

इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनची कड गुळासारखी पाझरून गेली होती. देवेंद्रने कुणालाच बोल लावला नाही. चूक माझी, म्हणाला, जेट मी बदलला. त्याने रागावायला हवं होतं, असं श्रीपादला दिवसभर वाटत राहिलं.

सरलेने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. समोर बसून त्यांनी नाव-गाव विचारलं, मिलची चौकशी केली. श्रीपादने धडाधड उत्तरं दिली. मला नीट ऐकू येतं, उगाच आणलंय हिने, असंही म्हणाला. मग डॉक्टरांनी टेबलावरचा एक कागद उचलून तोंडासमोर धरला.

श्रीपाद वाट पाहत राहिला. आता हे काहीतरी विचारतील, मग आपण उत्तर देऊ. बराच वेळ गेला. त्याने सहज सरलेकडे पाहिलं तर तिने तोंडाला पदर लावला होता.

"अहो," ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "त्यांनी तीनदा विचारलं."

मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. सगळे ओठांवरून ओळखायचे. ती सवय घरी केव्हा आली आणि कान केव्हा गेले, हे श्रीपादला कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी आलेख दाखवला. जाड आवाजांची रेघ जरा वर होती आणि बारीक आवाजांकडे ती सरळ खाली कोसळली होती.

"नस मेलेली आहे, काका. औषध नाही यावर. मशीन लावलं तर जे आहे ते मोठं ऐकू येईल. जे गेलंय ते मशीन आणून देणार नाही."

"मिलमुळे झालं ना हे?" सरलेने विचारलं. "मग मिलला सांगता येईल?"

डॉक्टर आलेखाची घडी घालू लागले. श्रीपादच म्हणाला, "कोणाला सांगतेस? तिथे चौकीदार आहे फक्त."

पुढच्या रविवारी देवेंद्र घरी आला. पोह्यांची बशी हातात धरून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "जिजाजी, उद्यापासून तुम्ही स्टोअर सांभाळा. सामान द्यायचं-घ्यायचं. आरामाचं काम आहे."

"तूच नेलं होतंस ना यांना कानासाठी?" सरला भावावर उसळली. "आता कोपऱ्यात बसवतोस?"

"ताई, मग काय करू? मला सांग तू, तसं करतो."

दोघं श्रीपादकडे पाहायला लागले. त्याने काहीतरी बोलावं, चिडावं, निदान नाही म्हणावं, असं दोघांनाही वाटत असावं.

"येतो उद्या," तो म्हणाला.

स्टोअर म्हणजे गॅरेजच्या मागची पत्र्याची खोली. नटबोल्ट, गॅस्केट, तेलाचे डबे. दोन-चार दिवसांत कुठलं काय कुठे आहे ते त्याला पाठ झालं. एस्टीममध्ये नवं इंजिन बसलं होतं. एका दुपारी अंगणात ती सुरू झाल्याचं त्याला पायाखालच्या फरशीतून जाणवलं. तो उठून दारात आला. देवेंद्र बॉनेटवर वाकला होता आणि निशांत शेजारी मान कलती करून ऐकत होता. देवेंद्रने काहीतरी विचारलं, निशांतने नाही अशी मान हलवली.

श्रीपाद दोन पावलं पुढे गेला. देवेंद्रचं लक्ष गेलं. त्याने हात वर करून मागेच थांबायची खूण केली. गॅस सोडायचा होता, जवळ कोणी नको होतं. खुणेत अपमानाचं काही नव्हतं, इतर मिस्त्रीही दूरच उभे होते.

तेवढ्यात एक मिस्त्री हात पुसत त्याच्याजवळ आला आणि वॉशर मागू लागला. श्रीपाद आत गेला, खोका खाली काढला आणि मापाचा वॉशर शोधू लागला.