चार फूट कमी

त्या जुन्या गल्लीतल्या अकराही घरांना कोरीव दरवाजे, कमानी आणि रस्त्यावर झुकलेले सज्जे. जुन्या घरांची नोंद करायला नकाशेवाली बाई आली, तेव्हा घरमालकांच्या माना ताठ झाल्या. टेपचं दुसरं टोक धरायला फटाकी आपणहून पुढे! नववीतली पोर, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"बाहेरून चोवीस फूट," बाई म्हणाल्या. "आतून वीसच. चार फूट गेले कुठे?"

"घरानं गिळले!" फटाकी खिदळली.

ते जिन्यामागे सापडले. बिनखिडकीची खोली, दाराखाली ताट सरकेल एवढी फट. दुसऱ्या घरात तशीच. तिसऱ्यातही.

"अडगळीची खोली हो," जो तो सांगे.

पण आत भिंतीवर, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल त्याच उंचीवर, तेलकट काळा डाग. अडगळ कधी पाठ टेकून बसते? सातव्या घरापर्यंत फटाकीचं हसू आटलं. मागे कुणी श्वास घेतंय असं वाटून ती सारखी वळून बघू लागली.

अकरावं घर तिचंच. तिथली खोली मात्र लख्ख झाडलेली, कोपऱ्यात नवी चटई.

"ही कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"धाकट्या सुनेसाठी," आजोबा म्हणाले. "मुलगा गेला आमचा महिन्यापूर्वी. उद्यापासून ती इथेच. गल्लीची रीत आहे. तुम्ही आपलं अडगळ लिहा."

फटाकीच्या हातून टेप सुटला आणि सर्रकन गुंडाळला गेला. काकू? तिला सायकल शिकवणारी काकू?

"आजोबा, काकू काय मोडकी खुर्ची आहे?"

"तोंड आवर! माझी आई याच खोलीत बारा वर्षं राहिली. कधी हूं की चूं केलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत तिला?"

आजोबांची नजर इथल्याही भिंतीवरच्या तशाच काळ्या डागावर गेली आणि तिथेच अडकली.

दारात काकू उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती आत आली, चटई उचलली.

"मामंजी, मी इथे बसणार नाही."

ती वळली. जिना चढून तिनं भर उन्हात सज्ज्यात चटई पसरली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. आजोबांनी तिला अडवलं नाही.

बाईंनी नकाशावरचा 'अडगळ' हा शब्द खोडला. "काय लिहू?"

"विधवेला कोंडायची खोली," फटाकी म्हणाली. "अकराही घरांत लिहा."

ती धावत वर गेली, काकूला खेटून बसली. समोरच्या घराचा दरवाजा किलकिला झाला होता. आतल्या अंधारातून एका म्हातारीचं पांढरं डोकं त्यांच्याकडे बघत होतं. फटाकीनं हात हलवला.

दरवाजा आणखी वीतभर उघडला.