रवीला बांधलेला ब्रश

मित्रांनो, माझ्या टकलाकडे बघून हसू नका. मी एक जुना, बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश आहे. माझे केस झडले, पण बोलायची खोड गेली नाही. इतकी वर्षं माणसांच्या जिभेवरून फिरलो, थोडी जीभ मलाही चिकटणारच की!

डोंगरापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्यांदा वीज अंगात शिरली तेव्हा मी असा थरथरलो, की शेजारच्या खोक्यातल्या साबणांना कोरडाच फेस आला. खोटं वाटत असेल तर त्या साबणांना विचारा. ते केव्हाच विरघळले, हा काही माझा दोष नाही.

माझ्या पोटात हालचाल ओळखणारं एक बारीक यंत्र होतं. मी किती फिरलो ते घरच्या फोनला कळायचं. फोन बोलायचा आणि टेकडीवर रेंज मिळाली की सगळे आकडे नारीन गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे, सायरागुल यांच्याकडे पाठवायचा. त्यांनीच शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना माझ्यासारखे ब्रश वाटले होते. "ज्याचा आकडा घसरेल, त्याचं तोंड मी स्वतः उघडून बघेन," असा त्यांचा दम होता.

मी बेगिमायच्या वाट्याला आलो. पंधरा वर्षांची पोर, तोंडाने तिखट आणि बोटांनी गोड. ती तेमिर कोमुझ वाजवायची. ते छोटंसं लोखंडी वाद्य समोरच्या दातांना टेकवायचं आणि त्याची पट्टी बोटाने छेडायची. त्याचा नाद माणसाच्या तोंडातच घुमतो. हे वाद्य तिच्या आजोबांचं, जापार म्हाताऱ्याचं. त्यांचे पुढचे दात गेले आणि वाद्य मुकं झालं, म्हणून ते नातीकडे आलं. उन्हाळा संपता संपता कुरणावर मोठा मेळा भरणार होता आणि शहरातल्या वाद्यशाळेचे गुरुजी तिथे मुलं निवडायला येणार होते. बेगिमायला त्या शाळेत जायचं होतं. दुसरं तिच्या डोक्यात काही नव्हतं.

उन्हाळा लागला तशी मंडळी घोडे-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर तंबूत राहायला गेली. मीही गेलो. तिथे थंडी, दिवसभर चहा, आणि चहाबरोबर गालात साखरेचा खडा. रात्री पांघरुणात शिरलं की बाहेर येऊन दात घासायचा कंटाळा. थोड्याच दिवसांत तिच्या हिरड्या सुजल्या. एका सकाळी माझे पांढरे केस लाल झाले.

ती घाबरून आजोबांकडे गेली. जापार आजोबांनी उभ्या आयुष्यात घोडे राखले होते. त्यांनी तोंडात डोकावून निकाल दिला, "अगं, घोड्याच्या पाठीला जखम झाली तर आपण खोगीर ठेवतो का? नाही ना! मग त्या ब्रशाला लांब ठेव. आपोआप भरेल."

मित्रांनो, खोगिराची गोष्ट खरी होती, पण हिरडी म्हणजे घोड्याची पाठ नव्हे. मी ओरडत होतो, पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज कुठून येणार?

बेगिमायने मला बाजूला ठेवलं. फोन मात्र गप्प बसेना. पाहुण्यांसमोर तो खणखणीत म्हणाला, "बेगिमाय, आज दात घासले नाहीत!"

एक शेजारीण फिदीफिदी हसली. "काय गं, तुझ्या तोंडाचा फोनलाही वास येतो वाटतं?"

बेगिमायने फोनचा आवाज बंद केला. पण आकडे कसे बंद करणार? आकडा घसरला की डॉक्टरीणबाई येणार, तोंड उघडणार, रक्त बघणार आणि लोखंड वाजवायला मनाई करणार. मग मेळा गेला, शाळाही गेली.

तेव्हा तिची नजर रवीवर गेली.

तंबूच्या दाराशी कातड्याचा मोठा बुधला टांगलेला असतो. त्यात घोडीचं दूध आंबवून कुमिस करतात. ते दिवसभर घुसळत राहावं लागतं. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की जो कोणी तंबूत पाऊल टाकेल त्याने आधी रवीला चार हात मारायचे, मग बसायचं. बेगिमायने मला रुमालात गुंडाळून लोकरीच्या दोरीने त्या रवीच्या दांड्याला बांधलं. विचारलं कोणी, तर सांगायची, "हाताला फोड येतात म्हणून रुमाल बांधलाय."

आणि मग काय विचारता! मेंढपाळ आला, घुसळलं. शेजारीण आली, घुसळलं. वाट चुकलेला ट्रकवाला आला, त्यानेही घुसळलं. मला घेरी यायची. फोनला वाटायचं, काय पोरगी आहे, दातांवर जीव टाकते! त्या उन्हाळ्यात आमच्या कुमिसचे दात अख्ख्या मुलखात सर्वांत स्वच्छ होते.

बेगिमायच्या तोंडात मात्र उलटंच चाललं होतं. ती कोमुझ वाजवायची आणि पाठ फिरवून रक्त थुंकायची. एक दिवस सूर मध्येच खडखडला. तिने बोट लावून पाहिलं. समोरचा दात हलत होता. ती कितीतरी वेळ तशीच, बोट दातावर ठेवून बसली. मी रुमालाच्या फटीतून बघत होतो, आणि माझ्या बॅटरीत थंडी भरली.

नेमक्या त्याच दुपारी डॉक्टर सायरागुल घोड्यावरून वर आल्या. दाराबाहेरूनच हाक आली, "कुठे आहे आमची पहिल्या नंबरची पोरगी? असा आकडा मी जन्मात पाहिला नाही!"

बेगिमायचा चेहरा पांढरा पडला. त्यात घोळ असा, की सकाळीच जापार आजोबांनी घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन ऐकायला फोनचा आवाज पूर्ण चढवून ठेवला होता.

सायरागुल आत आल्या. रीत ती रीत. त्यांनी रवी धरली.

"डॉक्टरबाई, राहू द्या! मी घुसळते!" बेगिमाय धावली.

"अगं, हात न लावता बसू? तुझे आजोबा मला बाहेर काढतील!" म्हणत त्यांनी दणादण घुसळायला सुरुवात केली. मी वर, मी खाली. थांबा हो, थांबा!

कोपऱ्यातून फोन आनंदाने किंचाळला, "शाबास, बेगिमाय! किती छान दात घासतेस!"

बाई थांबल्या. बेगिमायचे दोन्ही हात रिकामे होते. बाईंनी रवीच्या दांड्यावरचा रुमाल सोडला, माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. हसल्या नाहीत.

"तोंड उघड."

बाईंनी छोटा आरसा फिरवला, दात चिमटीत धरून हलवला. बेगिमायच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

जापार आजोबा पुढे सरसावले. "तिला बोलू नका. मीच म्हणालो होतो, जखमेवर खोगीर ठेवू नये."

"जापारबाबा, घोड्याच्या खुरात चिखल अडकून पाय सुजला तर काय करता?"

"खूर कोरून साफ करतो."

"घोडं लाथ मारतं तरी?"

"मारू दे! नाही साफ केलं तर घोडं लंगडं होईल."

"मग ही जखम नाही, बाबा. हा अडकलेला चिखल आहे."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाईंनी तिथेच दातांवरचं किटण खरवडलं. जाताना म्हणाल्या, "सूज उतरली तर दात पुन्हा घट्ट बसेल. रक्त आलं तरी हलक्या हाताने घासायचंच. मेळ्याच्या सकाळी मी बघेन. दात तेव्हाही हलला, तर लोखंड तोंडाला लावायचं नाही. कबूल?"

"कबूल," बेगिमाय पुटपुटली.

त्यानंतरचे दिवस, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत भीतीचे. मला नवं डोकं बसवलं. बेगिमाय सकाळ-संध्याकाळ ओढ्याकाठी बसायची, आजोबा समोर आरसा धरायचे. तिची थुंकी पाण्यात लाल उतरायची, आणि दोघं तो लाल धागा वाहून जाताना बघायचे. लाल. पुन्हा लाल. मग गुलाबी. साखरेचा खडा तिने आजोबांच्या बशीत सोडला. कोमुझला तिने हात लावला नाही. नुसती हवेत बोटं छेडायची.

मेळ्याच्या सकाळी सायरागुलनी दात चिमटीत धरला. हलवला. पुन्हा हलवून पाहिला. मी बेगिमायच्या खिशात होतो. तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात थरथरत होतं.

"जा," बाई म्हणाल्या. "वाजव."

तिने वाजवलं. सूर कुठेही खडखडला नाही. गुरुजींनी डोळे मिटले आणि शपथेवर सांगतो, पलीकडच्या डोंगरावरचे घोडे चरायचे थांबले.

बेगिमाय आता शहरातल्या त्या वाद्यशाळेत असते. तिथे तिच्याकडे नवा ब्रश आहे. मी इथेच, जापार आजोबांच्या उरलेल्यासुरल्या दातांच्या सेवेत. मित्रांनो, मला फसवणं सोपं आहे. मी हालचाल मोजतो, दात नाही. तेव्हा फोनची शाबासकी ऐकून हुरळू नका. तुमची थुंकी खरं सांगते, तिच्याकडे बघा. आणि रक्त दिसलं तर मला लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

फोनला अजून मालक बदलल्याचं कळलेलं नाही. रोज सकाळी तो ओरडतो, "शाबास, बेगिमाय!"

आणि तोंडभर फेसातून म्हातारा ओरडतो, "बेगिमाय नाही रे, बेगिमायचा आजा!"