बुन्हीच्या वाट्याची धूळ

बुन्हीने नवऱ्याच्या हनुवटीवर लोंबणारा मास्क दोन्ही हातांनी वर ओढला, नाकावर बसवला आणि मागचे पट्टे असे करकचून आवळले की छांगशिकचे कान पुढे आले.

"वहिनी, जीव घ्याल त्याचा!" काम सुरू होण्याआधीच्या सकाळच्या कवायतीच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"धुळीने जाण्यापेक्षा माझ्या हातून गेलेला बरा."

सगळे हसले. छांगशिक मास्कच्या आत काहीतरी पुटपुटला. ते कोणाला ऐकू गेलं नाही हे बरंच झालं.

इंचॉन शहरात समुद्राच्या कडेला उभ्या राहत असलेल्या त्या उंच इमारतींत छांगशिक छतं घासायचा. काँक्रीटचे साचे काढले की छताला कडा आणि गाठी राहतात, त्या ग्राइंडरने सपाट करायच्या. यंत्र लागलं की खोलीत पिठाच्या गिरणीसारखा धुरळा उडे आणि समोरचा माणूस दिसेनासा होई. त्याच्या मागून बुन्ही खराट्याने ती भुकटी लोटायची, पोत्यांत भरायची. पाणी मारलं तर चिखल होऊन जमिनीला चिकटतो आणि मग मुकादम माएंग डोकं खातो, म्हणून सगळं कोरडंच झाडायचं. डोक्याला फुलाफुलांचं फडकं आणि त्याचंच टोक नाकावर. गोल गाळण्यांचे जाड मास्क घासणाऱ्यांना मिळत, झाडणाऱ्या बायकांना नाही. त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे. झाडलोट काय, घरीही करतोच की.

फाटकावर हवेचा आकडा दाखवणारा फलक होता. धूळ बसवायची पाण्याची तोफ दिवसभर नेमकी तिथेच फवारत असल्यामुळे आकडा सदानकदा हिरवा. शेजारच्या वसाहतीतले लोक येता-जाता तो बघून निश्चिंत होत.

बुन्ही मात्र निश्चिंत नव्हती. तिचा थोरला दीर बोगद्याच्या कामावर आयुष्यभर दगड फोडून शेवटी धाप लागून गेला होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो बसून झोपायचा. त्याचं दुखणं-खुपणं सगळं तिनेच काढलं होतं. आणि या हिवाळ्यात छांगशिकही खोकू लागला. हा माणूस तरी असा जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून छातीचे फोटो काढणारी तपासणीची गाडी आली तेव्हा ती त्याला दंडाला धरून घेऊन गेली. गाडीच्या पायरीशी तो घोड्यासारखा अडला.

"मी एकटा नाही जायचा."

"लहान आहात का हो?"

"तूही काढ फोटो. मग जातो."

"माझ्या छातीत काय बघायचंय? खराट्याला कधी दमा होतो?"

पण तो हलेना. शेवटी त्याने आत यावं म्हणून तीच आधी शिरली आणि फोटो काढून घेतला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी सुरक्षा अधिकारी सोराने दोघांना ऑफिसच्या कंटेनरमध्ये बोलावलं. पोर तशी हसरी, पण आज ती दोघांच्याही तोंडाकडे बघत नव्हती. आत तपासणीचे डॉक्टर बसले होते.

"काका, तुमची छाती बरी आहे. खोकला सिगरेटचा आहे, ती सोडा," डॉक्टर म्हणाले.

बुन्हीने नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "बघितलंत? रोज शिव्या खाल्ल्या मी, पण मास्क लावलाच ना!" डोळ्यांत आलेलं पाणी तिने फडक्याला पुसलं.

"मावशी, तुम्ही जरा बसा," सोरा म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

"ह्यांच्यासाठी थांबते. ह्यांचं वय झालंय ना आता."

छांगशिकने वळून तिच्याकडे पाहिलं. कित्येक महिने वरच्या पायरीवर उभा राहून तिची वाट बघणारा तो होता. त्याने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. फुप्फुसांत धूळ बसली आहे, मोठ्या हॉस्पिटलात आणखी तपासण्या कराव्या लागतील, आणि धुळीचं काम आजपासून बंद.

"अहो, पण मी धुळीचं काम करतच नाही," बुन्ही म्हणाली. "मी नुसती झाडते."

सोराने मान खाली घातली. मास्क तीच वाटायची.

"बसलेली धूळ निघते ना पण?" छांगशिकने विचारलं. "डुकराच्या चरबीने निघते म्हणतात. आम्ही सगळे दर शुक्रवारी खातो."

"काका, चरबी पोटात जाते. फुप्फुसात नाही जात," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी तरीही सगळे नेहमीच्या खाणावळीत जमले. बातमी त्यांच्या आधीच पोहोचली होती. मुकादम माएंग शेगडीवर मांसाच्या पट्ट्या परतत होता, कात्रीने तुकडे करत होता. आज कोणी बुन्हीची थट्टा केली नाही, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं.

"सोमवारपासून पाणी मारून झाडायचं," माएंग शेगडीकडे बघतच म्हणाला. "चिखल झाला तर होऊ दे. मी बघतो काय ते."

मग त्याने सगळ्यात जास्त चरबीचा तुकडा उचलून तिच्या ताटलीत ठेवला. शेजारच्याने आपला ठेवला, पलीकडच्यानेही. ताटली भरत गेली. छांगशिकने सॅलडच्या पानात एक तुकडा आणि लसणाची पाकळी गुंडाळली आणि तो घास तिच्या तोंडासमोर धरला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानेही ऐकलं होतं.

"खा गं. थोडं तरी खा."

बुन्हीला चरबी कधीच आवडली नव्हती. तिने तोंड उघडलं.