नारिंगीचे अडीच महिने

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, माझा जन्म धाराशिवला, खिडक्यांना काचा बसवणाऱ्याच्या दुकानात झाला. उरलेल्या पाच काचा त्याने चिकटवल्या आणि झाले मी! येरमाळ्याला हायवेवर समदभाईंचं चहाचं हॉटेल आहे. तिथं गल्ल्याशेजारी त्यांनी मला ठेवलं, समुद्री मिठाचं पाणी भरलं आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा सोडला. त्याचं नाव नारिंगी. येडेश्वरी देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं चहा गार होईपर्यंत आमच्याकडे बघत बसायची.

मग मोठी टाकी आली. तिच्यात प्रवाळ आलं, कोळंबी आली, नारिंगीही तिकडंच गेला. माझ्यात कांदे भरले. कांदे! मला फार लागलं ते.

समदभाईंची मुलगी मदिहा कॉलेजात जीवशास्त्र शिकते. यंदा पार्सलने एक निळा मासा आला, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, महिनाभर ह्याला जुन्या टाकीत वेगळा ठेवा. अंगावर काय घेऊन आलाय कुणाला म्हाईत?"

"पाहुण्याला दारात उभं करतेत व्हय गं?" म्हणत समदभाईंनी त्याला थेट मोठ्या टाकीत सोडलं. हॉटेलवाल्याचा स्वभाव, दुसरं काय!

आठवड्याभरात निळ्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठले आणि चार दिवसांत गेलेही. समदभाई खूश झाले. मदिहाचा चेहरा मात्र उतरला.

"ते ठिपके म्हंजे किडे हायेत अब्बा, मेले न्हाईत. वाळूत उतरलेत. तिथं एकाचे शेकडो होतेत."

तसंच झालं. ठिपके दुसऱ्यांदा उठले तेव्हा निळा मेला आणि नारिंगी कोपऱ्यात धापा टाकू लागला. आठ वर्षं घरात वाढलेला जीव तो! घाबरलेले समदभाई किडे मारणारं, तांबं असलेलं औषध मोठ्या टाकीत ओतणार, तोच मदिहाने त्यांचा हात धरला. "तिथं न्हाय! कोळंबी मरंल, प्रवाळ बी मरंल."

मग कांदे निघाले. मला घासून धुतलं, वाळू न घालता नुसतं मिठाचं पाणी भरलं आणि लपायला पाइपाचा तुकडा ठेवला. नारिंगी माझ्यात आला. मदिहा रोज औषधाचं प्रमाण मोजायची. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. लाइट गेली की समदभाई गिऱ्हाईक सोडून धावत यायचे आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून माझंच पाणी प्लास्टिकच्या मगाने वरून माझ्यात ओतत राहायचे. हात भरून आले तरी थांबायचे नाहीत.

पंधरवड्याने नारिंगीचं अंग स्वच्छ झालं. "आता सोडू का गं?" समदभाईंनी विचारलं.

"अजून न्हाय अब्बा. मोठ्या टाकीतले किडे माशावाचून उपाशी मरू द्या आधी."

समदभाईंनी ऐकलं. मोठी टाकी अडीच महिने माशाविना राहिली.

मित्रांनो, नवा मासा आणाल तेव्हा आधी माझ्यासारख्या साध्या टाकीत ठेवा. तिथं तो आजारी पडला, तर एकटाच पडतो.

परवा नारिंगीला मोठ्या टाकीत सोडलं. तो सरळ प्रवाळात शिरला, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही त्याने. मी रुसले नाही. बरं झालेल्याने असंच जावं.