सात डोळ्यांनी पाहिलेली दुपार

मित्रांनो, मला सात डोळे आहेत आणि त्यातला एकही मिटत नाही. घाबरू नका, मी भूतबीत नाही. भाजलेल्या मातीचा एक जुना निळा मणी आहे, तळहाताएवढा, चपटा. मधोमध एक भोक आणि त्याच्या भोवती सहा. आमच्या इराकातल्या बसऱ्याकडे दारावर, पाळण्यावर, गाडीत मला आणि माझ्या भाऊबंदांना टांगतात. वाईट नजर आलीच तर आधी आमच्यावर पडावी, लेकरावर नको, एवढ्यासाठी.

हिल्ला गावच्या एका म्हाताऱ्या कुंभारणीनं मला घडवलं. ओल्या मातीत बोरू खुपसून ती एकेक डोळा पाडायची आणि त्यात फुंकर घालून म्हणायची, "बघत राहा." सातव्या डोळ्याच्या वेळी नेमकी तिला शिंक आली, म्हणून तो जरा तिरका आहे. तिरक्या डोळ्याला इतरांपेक्षा जास्त दिसतं. खोटं वाटेल, पण भट्टीत बाकीचे मणी जाळाला घाबरून गप्प पडले होते, तेव्हा मी जाळाचा चेहरा पाहून घेतला.

पुढे अबुल खसीब गावच्या एका बाईनं मला विकत घेतलं आणि सुनेसाठी आणलेल्या पाळण्यावर टांगलं. पाळणा रिकामाच राहिला. वर्षं गेली, बाळ आलं नाही. वारा नसताना तो पाळणा हलायचा. कोण हलवायचं ते मला दिसायचं, पण ते मी सांगणार नाही. तुम्हाला झोपायचं आहे.

त्या बाईच्या मुलाला गावात सगळे अबू गायब म्हणत. मूल नसलेल्या माणसाला आमच्याकडे अशीच हाक मारतात, गायबचा बाप, म्हणजे अजून न आलेल्या लेकराचा बाप. अबू गायबनं शेवटी पाळणा विकला, एक जुनी मिनीबस घेतली आणि गावातली लेकरं सित्त इब्तिहालच्या, म्हणजे इब्तिहालबाईंच्या, बालवाडीत पोचवू लागला. मला त्यानं आरशाला टांगलं. मुलांना चढवायला-उतरवायला त्याची विधवा बहीण सबीहा सोबत असायची; तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. गाडीला कधी ओरखडा आला नाही, कुणाचं बोट दारात चेमटलं नाही, आणि सगळं श्रेय मला! आया आपली बोटं मला लावून ओठांना टेकवायच्या. मी फुगून बसायचो. मातीच्या चकतीनं जेवढं फुगावं, त्याहून जास्तच.

एका वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा सुहाद नावाची एक आई पहिल्यांदा आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव रफल. नुकतीच चार वर्षांची झालेली, केसांना दोन लाल रबरं. सुहादनं खिडकीतून विचारलं, "खाला, गाडीत मुलं किती आहेत?"

सबीहानं छातीवर हात मारून घेतला. "अगं ए बये! तोंड आवर! मुलं काय खजुराच्या पेट्या आहेत मोजायला? आकडा तोंडातून बाहेर पडला की नजर त्याच्यावर येऊन बसते. 'देवाची कृपा, गाडी भरलेली आहे,' असं म्हणावं."

"पण एखादं मूल चुकून राहिलं तर?"

"राहील कसं? आरशाकडे बघ की जरा! तुला दोनच डोळे आहेत, त्याला सात."

सुहाद हसली, मला बोट लावलं आणि गेली. मीही ऐटीत झोका घेतला. तो झोका मला अजून टोचतो.

एका सकाळी रफलचं अंग कोमट होतं. सुहाद कापडाच्या दुकानात कामाला. रजा मागितली की मालक कपाळाला आठ्या घालायचा, आणि सित्त इब्तिहाल तर तापलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवायच्या. सुहादनं तापाचं औषध पाजलं, मुलीचं कपाळ पदराखाली झाकून तिला गाडीत चढवलं आणि सबीहाला काही बोलली नाही. माझ्या तिरक्या डोळ्यानं ते कपाळ पाहिलं. पण सांगणार कसं? मला तोंड कुणी पाडलंच नव्हतं.

औषधाच्या गुंगीत रफल शेवटच्या बाकावर पेंगली आणि घरंगळून बाकाखाली गेली. बालवाडी आली. "उतरा, माझ्या कबुतरांनो!" म्हणत सबीहानं मुलं उतरवली. मागे कुणी गेलं नाही, कुणी मोजलं नाही. अबू गायबनं गाडी बालवाडीच्या कुंपणापाशी उभी केली, ती तापू नये म्हणून पडदे ओढले, दाराला कुलूप लावलं आणि भावाच्या बागेत खजूर उतरवायला गेला. वर्गात सित्त इब्तिहालना रफलची जागा रिकामी दिसली. वर्षाच्या सुरुवातीला मुलं रडून घरी राहतात, तसंच असेल असं त्यांना वाटलं.

आणि मग ऊन वर आलं.

बंद गाडीत दुपार कशी येते ते तुम्हाला ठाऊक नसेल. ती चालत येत नाही, पाणी चढावं तशी चढते. आधी पत्रा कुरकुरला. मग बाकांच्या रेक्झिनचा वास सुटला. पडदे इतके निश्चल लटकत होते की त्यांच्यामागे कुणीतरी श्वास धरून उभं आहे असं वाटावं. भट्टीत पाहिलेला चेहरा मला पुढच्या काचेत पुन्हा दिसला. त्यानं मला ओळखलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "खाला?"

रफल उठली होती. तिनं दार ओढून पाहिलं, काचेवर थापा मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग ती चालकाच्या जागेवर चढून बसली. गाल लालभडक झालेले, ओठ सुकलेले. तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"तू बघतोयस ना?" तिनं विचारलं.

मी बघत होतो. सातही डोळ्यांनी. दुसरं मला येतं काय?

तिला आकडे नुकतेच यायला लागले होते. बोट उचलून ती माझे डोळे मोजू लागली. पहिल्यांदा सातपर्यंत पोचली. पुन्हा सुरू केलं आणि पाचाला अडखळली. मग तिसऱ्याच डोळ्यापाशी बोट खाली आलं. त्यानंतर नुसते ओठ हलले. आणि मग तेही नाही.

मित्रांनो, मी देवाकडे आठवा डोळा मागितला नाही. एक हात मागितला. एकच, तिच्या कोपराजवळचा हॉर्न दाबण्यापुरता. मिळाला नाही. उन्हानं माझ्या अंगावर टक्कन तडा गेला, तेवढंच.

तिकडे दुकानात सुहादचं मन लागेना. मालकाकडे पाठ करून तिनं बालवाडीत फोन लावला. "सित्त, रफलचा ताप वाढला नाही ना?"

"रफल? ती घरी नाही का?"

सुहाद पुढे सांगायची, त्या क्षणी सगळा बाजार मुका झाला. सित्त इब्तिहाल फोन हातातून टाकून अनवाणी धावल्या. त्यांनी पडदा लावलेल्या गाडीकडे पाहिलं, कुंपणाचा दगड उचलला आणि काच फोडली. मुलीला उचलून सावलीत नेलं, ओल्या ओढणीत गुंडाळलं, तसंच दवाखान्यात पळवलं. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

आणि दुसऱ्या दिवशी गाव माझ्याभोवती गोळा झालं! "बघा, मणी तडकला! पोरीवरचं संकट यानं अंगावर घेतलं!" म्हणत बायका माझ्या तड्याचे मुके घेऊ लागल्या. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मी काही केलं नाही! मुलगी वाचली ती एका आईनं फोन केला म्हणून आणि एका बाईनं काच फोडली म्हणून. मी नुसता लटकत होतो.

अबू गायब मात्र माझ्याजवळ आला नाही. पुन्हा गाडी निघाली तेव्हा तो एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं मोजू लागला. सबीहा किंचाळली, "अरे, वेडा झालास का? नजर लागेल!"

"लागू दे मला," तो म्हणाला. "एक गायब आहेच माझा. दुसरा नको."

सबीहानं तोंडाला पदर लावला आणि पुढचं मूल त्याच्याकडे सरकवलं. त्यानंतर त्यानं प्रत्येक मुलाला हॉर्न दाबायला शिकवलं. सगळी गल्ली वैतागली, पण त्यानं कुणाचं ऐकलं नाही. आता सुहाद मुलीचं अंग कोमट दिसलं तर तिला घरीच ठेवते, मालकानं आठ्या घातल्या तरी. आणि मूल आलं नाही तर सित्त इब्तिहाल दप्तरं उघडायच्या आधी त्याच्या घरी फोन लावतात.

मला आरशावरून काढून शेवटच्या खिडकीला बांधलंय. तडा रुंदावतोय, मी फार दिवस टिकणार नाही. म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो, आपल्या आईबाबांना सांगा: मणी हवा तर टांगा, पण मुलांची राखण त्याच्यावर टाकू नका.

रोज सकाळी मुलं उतरली की अबू गायब वाकत वाकत शेवटच्या बाकापर्यंत येतो. पडदा सारतो, खाली डोकावतो. तिथे कुणी नसतं. तरी तो त्या रिकाम्या बाकावर हात ठेवतो, थोडा वेळ तसाच थांबतो, आणि मगच कुलूप लावतो.