भांडणासकट घर

विरुपाक्षानं हैदराबादेत वर्षानुवर्षं शेरवानीची काजं केली. फक्त काजं. कापड एक जण कापायचा, बाह्या दुसरा जोडायचा, बटणं तिसरा लावायचा. पुरी शेरवानी विरुपाक्षाला रस्त्यातच दिसायची, तीही दुसऱ्याच्या अंगावर. राहायला एक खोली होती. तो आणि बायको रुद्रम्मा एकाच वेळी उभे राहिले की दार उघडत नसे. म्हणून कुणी आलं तर एकानं खाटेवर चढायचं, असं ठरलेलं होतं. पण कुणी येतच नसे, त्यामुळं तशी अडचण नव्हती. एकदा शेजाऱ्यानं त्याला हसून सलाम केला. विरुपाक्ष दिवसभर खुशीत होता. संध्याकाळी त्याच्या ध्यानात आलं, सलाम मागून येणाऱ्याला होता.

मग लढाई सुरू झाली, कापड आटलं, आणि खोलीचं भाडं मात्र गुडघ्याखाली गेलेल्या शेरवानीसारखं लांबतच चाललं. रुद्रम्माचं माहेर उमरग्याकडचं. ती म्हणाली, "मुरुमला जाऊ. तिथं शिंपी एकच हाय, आन् त्याला दिसत न्हाय."

मुरुमचं घर बघून विरुपाक्षाला आधी संशयच आला. तीन खोल्या, अंगण, आड, शेवग्याचं झाड, आणि भाडं हैदराबादच्या चौथाईनं!

"घरात भूत हाय का?" त्यानं मालकाला विचारलं.

मालक गुंडाप्पा लेकाकडं गुलबर्ग्याला राहायला निघाला होता. तो म्हणाला, "भूत न्हाय. भांडण हाय."

भांडण असं होतं : शेवग्याचं खोड गुंडाप्पाच्या अंगणात आणि फांद्या भिंतीपलीकडं, शेजारीण इरम्माच्या अंगणात. शेंगा कुणाच्या, हा वाद गुंडाप्पाच्या आज्यानं काढला, बापानं वाढवला आणि गुंडाप्पानं जपला होता.

"या घरात ऱ्हाईल त्यानं रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन भांडायचं," गुंडाप्पा म्हणाला. "झाडाला शेंगा असोत नसोत. खंड पडला की हक्क बुडाला. मग मला घर खाली करून घ्यावं लागंल. दिवाबत्ती चुकली तर देव समजून घेतो, इरम्मा न्हाय."

"पण मला भांडता येत नाही."

"येतंय हो. वारा बघा की किती खेळतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी विरुपाक्ष डोक्यावर टोपी घालून भिंतीपाशी गेला. पलीकडं इरम्मा भांडी घासत होती. साठीची बाई, पण पाठ ताठ.

"माफ करा," विरुपाक्ष म्हणाला, "पण शेंगा आमच्या आहेत."

इरम्मानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय म्हनलास?"

"म्हणजे, असं ऐकलंय."

"ऐकलंय? अरं, गुंड्याचा बाप भांडायला लागला की पलीकडच्या गल्लीतले बैल दावी तोडायचे! आन् तू पानसुपारीचं बोलावणं द्याया आल्यागत बोलतुयास! हैद्राबादेत काय करायचास?"

"शेरवानीची काजं."

"दिसतंयच. ए शेरवानी, उद्या भाकरी खाऊन ये. आवाज पोटातून काढायचा असतो."

विरुपाक्ष रोज भाकरी खाऊन जाऊ लागला. महिन्याभरात त्याचा आवाज भिंतीवरून पलीकडं पडायला लागला. जाणारे-येणारे थांबून ऐकत. 'भांडतोय बरा, शिवत बी बरा असंल,' असं म्हणून कापड टाकून जात. त्यानं पहिली बंडी शिवली. कापली त्यानं, जोडली त्यानं, काजंही त्याचीच. ती खुंटीला टांगून नवरा-बायको संध्याकाळभर तिच्यासमोर बसून राहिले. दार सताड उघडं होतं, आणि दोघांपैकी कुणीही खाटेवर नव्हतं.

मधे त्याला हिवताप आला. रुद्रम्मा घाबरली. तापाला नाही, खंडाला. पण सकाळी भिंतीपलीकडून दोन आवाज आले. एक इरम्माचा, दुसरा इरम्मानंच घोगरा करून काढलेला विरुपाक्षाचा. दोघं कडाकडा भांडले. त्यात विरुपाक्षाची बाजू जरा सरस झाली. मग भिंतीवर काढ्याचा पेला आला.

"पेला परत पायजे, शेरवानी! तू मेलास तरी!"

वेळअमावस्या आली, शेतात जाऊन पूजा-जेवण करायचा सण. सगळं मुरुम सकाळीच डोक्यावर पाट्या घेऊन शेतात निघालं. इरम्मा भिंतीपाशी येऊन ओरडली, "आमी शेतात गेलो की तू मागं माझ्याकडचा शेवग्याचा फुलोरा झोडपशील! तुजा भरवसा न्हाय. चल बायकोला घेऊन माज्या शेतात. डोळ्यांपुढं ऱ्हा!"

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खाऊन विरुपाक्ष जागचा हलेना. इरम्मा तरीही वाढतच होती. "खा मेल्या, घरचंच समजून खा!"

नेमका हाच शब्द पलीकडच्या बांधावर ऐकू गेला. तिथं, सणासाठी गुलबर्ग्याहून आलेला गुंडाप्पा उभा होता. त्याच्या हातातला उंडा हातातच राहिला.

"घर भांडाया दिलंय, जेवाया न्हाय!" तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो. भांडण ऐकतो. न्हाय पटलं तर सामान बांधा."

घरी आल्यावर रुद्रम्मा एवढंच म्हणाली, "अवो, मला परत खाटंवर न्हाय चढायचं."

सकाळी गुंडाप्पा ओट्यावर येऊन बसला. विरुपाक्षानं दीड भाकरी खाल्ली होती. त्यानं भिंतीवर हात आपटला आणि पोटातून सुरुवात केली. इरम्माचा अंगणातला तुळशीकट्टा, तिची म्हैस, तिच्या म्हशीचं माहेर, काही सोडलं नाही. इरम्मानं त्याची काजं काढली, मग काजांना दोन्ही बाजूंनी फाडलं. मधेच रुद्रम्मा चुलीपुढून उठून आली आणि पाच मिनिटं नवऱ्यापेक्षा बरी भांडली. गल्लीत माणसं जमली.

गुंडाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजा बापच बोलला जणू," तो म्हणाला. "गुलबर्ग्यात कुणी 'मर' सुदीक म्हणत न्हाय. लेक म्हणतो, बाबा आराम करा. न्हाय! म्या परत येतो. घर खाली करा."

विरुपाक्षाचा हात भिंतीवर तसाच राहिला. इतकं चांगलं भांडायला नको होतं.

इरम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि मधात घोळलेल्या आवाजात म्हणाली, "या की भाऊ. तुमचंच घर. शेंगा बी तुमच्याच. धरल्या की धुऊन आणून दीन."

गुंडाप्पा दचकला. "काय म्हनलीस?"

"तुमच्याच म्हनलं. खोड तुमचं, तर शेंगा कुणाच्या?"

"अगं, तुझ्या सासऱ्यानं माझ्या आज्याला 'शेंगचोर' म्हनलं होतं!"

"चुकलंच त्येंचं. नारळ फोडते."

"इरम्मा, भांड की!"

"आता का भांडायचं वय हाय, भाऊ? बसा, च्या टाकते."

गुंडाप्पानं बोलणं तिच्या म्हशीवर नेऊन पाहिलं, तिच्या सुनेवर नेऊन पाहिलं. इरम्मा मान डोलावत गेली. शेवटी तो उठला. एकाएकी म्हातारा दिसू लागला.

"तुमीच ऱ्हावा," तो विरुपाक्षाला म्हणाला. "इथं आता राम ऱ्हायला न्हाय." आणि दुपारच्या मोटारीनं तो गुलबर्ग्याला निघून गेला.

मोटारीची धूळ खाली बसली. विरुपाक्ष भिंतीपाशी आला.

"इरम्माक्का, तुमचे उपकार..."

"कसले उपकार? शेंगा तुमच्या म्हनलं ते गुंड्याला. तुला न्हाय! शेंगा माझ्या!"

विरुपाक्षानं श्वास पोटात घेतला.

"आमच्या!"

पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी बैलानं दावं तोडलं.